आकाशातून दिसणारे शेत

रोहे शहराला लागून वरसे हे गाव आहे. जवळूनच कुंडलिका वाहते. पावसाळा सरताना येथील भातशेती हिरवीगार दिसते. परंतु उपग्रहाने टिपलेल्या चित्रात तीच शेती लाल आणि नदी काळसर उमटते! हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. पाणी ते शोषून घेते. चित्र तयार करताना या अदृश्य किरणांना लाल रंग देतात.

ही चित्रे वाचण्याची विद्या मुंबईतील पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकविली जाते. तेथे १९७६ साली साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. पुढे १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह अंतराळात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रातील एकेक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे ७२ मीटर लांब-रुंद चौकोन. कोकणातील खाचरे ती केवढी! खाचर, बांध, आंब्याचे झाड, घराची कौले, सारे एकाच ठिपक्यात मिसळून जाई. २००३ सालच्या रिसोर्ससॅट-१ च्या एका कॅमेऱ्याने हा चौकोन सहा मीटरांच्याही आत आणला. तरीही लाल ठिपका भाताचा की झाडीचा, हा संशय उरतोच. आणि तो चुकीचा वाचला, तर एखाद्या कुटुंबाचे शेत नकाशावर रान म्हणून नोंदले जाईल. म्हणून विद्यार्थी चित्र हाती घेऊन बांधावर जातो आणि तेथील शेतकऱ्यास विचारतो, "काका, येथे काय लावले आहे?"