समुद्रपिचकारी : डिंभावस्थेत दडलेली ओळख

दिल्लीपासून समुद्र हजारेक किलोमीटर दूर. तरीही प्राणिशास्त्राच्या जुन्या पदवीधरांना ‘हर्डमानिया’ हे नाव हटकून आठवते. फॉर्मॅलिनच्या बरणीतील बटाट्याएवढा तो गोळा म्हणजे भारतीय किनाऱ्यावरील समुद्रपिचकारी. एस. एम. दास यांनी १९३६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता.

खडक, धक्क्यांचे खांब आणि बोटींचे तळ यांना हा प्राणी आयुष्यभर चिकटून राहतो. त्याच्या शरीराला दोन द्वारे असतात. एकातून आत घेतलेले पाणी चाळणीसारख्या घशातून गाळले जाते, सूक्ष्म वनस्पती अन्न म्हणून राहतात आणि उरलेले पाणी दुसऱ्या द्वाराने बाहेर पडते. स्पर्श होताच अंग आकसून पाण्याची चिळकांडी उडते, म्हणून हे नाव. त्याचे हृदय काही काळ एका दिशेने रक्त ढकलते, क्षणभर थांबते आणि मग उलट दिशेने ढकलू लागते. बाह्य आवरणात सेल्युलोज असते, म्हणजे कापसाच्या धाग्यातील मुख्य घटक. तो स्वतः तयार करणारे प्राणी एवढेच ज्ञात आहेत आणि त्यासाठी लागणारे जनुक त्यांच्या पूर्वजांना जिवाणूंकडून मिळाले असावे, असे मानले जाते. जिवाणूचे जनुक कापसात घालण्याचे तंत्र मानवाने अलीकडे साधले. निसर्गाला ते नवे नव्हते.

एकेकाळी या प्राण्यांची गणना शिंपल्यांच्या गटात होत असे. १८६६ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी त्यांचा डिंभ तपासला. भैकेराप्रमाणे पोहणाऱ्या त्या डिंभाच्या शेपटीत पृष्ठरज्जू होता आणि पाठीकडे पोकळ मज्जारज्जू. डार्विन यांनीही १८७१ च्या आपल्या ग्रंथात या शोधाची दखल घेतली. ‘सिओना’ या जातीचा जनुकसंच २००२ मध्ये उलगडला आणि पुढील अभ्यासांत हा गट पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा नातेवाईक ठरला. कॅरिबियन समुद्रातील एका जातीतून मिळालेले ट्रॅबेक्टेडिन आज कर्करोगावर वापरले जाते.

डिंभ काहीही खात नाही. काही मिनिटे ते फार तर काही दिवस पोहून तो डोक्याकडून पृष्ठभागाला चिकटतो. शेपूट व पृष्ठरज्जू शरीरात शोषले जातात, डोळ्याचा ठिपका नाहीसा होतो. सुरवंटाचे फुलपाखरू होण्याच्या नेमके उलट असे हे प्रतिगामी रूपांतरण आहे. कीटकांत याला जवळचे उदाहरण उसावरील खवले किडीचे. तिची रांगणारी पिल्ले पाय असेपर्यंतच फिरतात; एकदा सोंड रुतवली की मादी पाय गमावून खवल्याखाली जन्म काढते. प्रौढावस्था पाहून दोघांचेही कुळ ओळखणे कठीण, आणि दोघांचाही बंदोबस्त चिकटण्यापूर्वी सोपा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्यांत तराफ्यांना दोर टांगून हिरवे शिंपले वाढवले जातात, तेथे ही तुलना उपयोगाची ठरते. समुद्रपिचकाऱ्या दोरावर बसल्या की शिंपल्यांचेच अन्न गाळून घेतात आणि दोराचे वजन वाढवतात. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एका परक्या जातीने शिंपले उत्पादकांना जेरीस आणले. तेथे जोरदार पाण्याचे फवारे आणि चुन्याची निवळी यांचा आधार घ्यावा लागला. अल्पायुषी डिंभ स्वतः फार दूर जाऊ शकत नाही. त्याला दूर नेतात बोटींचे तळ आणि एका खाडीतून दुसरीत हलवलेले दोर. म्हणून जुने दोर व तराफे खरवडून, पूर्ण वाळवूनच नव्या जागी न्यावेत. वसाहती करणाऱ्या जातींचा तुटलेला तुकडाही पुन्हा वाढतो. खरवडलेला गाळ पाण्यात न टाकता किनाऱ्यावर, भरतीरेषेच्या वर पुरावा.