संगणकचित्रातील दिव्याचा खरेपणा

संगणकाच्या पडद्यावर खोलीचे चित्र उभे करणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तथापि, त्या खोलीतील दिवा खऱ्या दिव्याप्रमाणे वागतो काय, हा प्रश्न वेगळा आहे. वास्तुविशारद अशा चित्रावरून वर्गखोलीतील दिवे ठरवितो, तेव्हा चित्र केवळ सुंदर असून भागत नाही. शेवटच्या बाकावरील वहीवर पुरेसा उजेड पडेल की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

प्रारंभीच्या चित्रांत दिवा म्हणजे आकारमान नसलेला एक बिंदू मानीत. बिंदूपासून निघणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. १०० कॅन्डेला तीव्रतेच्या दिव्यासमोर १ मीटरवर १०० लक्स, २ मीटरवर २५ आणि ३ मीटरवर अवघा ११ लक्स प्रकाश मिळतो. हा नियम पाळला की चित्रातील दूरचे कोपरे काळोखात बुडत. म्हणून तो पुष्कळदा सोयीनुसार शिथिल केला जाई. वस्तुतः दोष नियमाचा नव्हता. भिंती व छत यांवरून परतणारा प्रकाश हिशेबात धरलाच जात नसे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ मध्ये उष्णतेच्या अभियांत्रिकीतील गणित येथे लागू करून ही उणीव भरून काढली. त्यांच्या चित्रात लाल भिंतीची छटा शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर आपोआप उतरली.

दिव्याला आकारमान दिले की सावलीही बदलते. उन्हात उभ्या माणसाच्या पावलांजवळची सावली रेखीव, तर डोक्याची कडा धूसर असते. कारण सूर्यबिंब आपल्याला सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. ग्रहणाच्या पाठात शिकविली जाणारी उपच्छाया ती हीच. नळीच्या दिव्यासाठी संगणक नळीवरील अनेक बिंदू निवडतो व त्यांपैकी किती बिंदू वस्तूआड लपतात, हे मोजतो. बिंदू थोडे घेतल्यास सावलीत पायऱ्या किंवा ठिपके दिसतात.

शिवाय कोणताही दिवा सर्व दिशांना सारखा प्रकाशत नाही. व्हर्बेक आणि ग्रीनबर्ग यांनी १९८४ मध्येच दिव्याचा आकार, वर्णपट आणि दिशावार तीव्रता यांचा एकत्रित विचार मांडला. आज निर्माते प्रयोगशाळेत मोजलेली दिशावार तीव्रतेची कोष्टके पुरवितात. ती संगणकात थेट भरता येतात. मात्र ही मोजणी नव्या, स्वच्छ दिव्याची असते. वर्गातील दिव्यावर धूळ बसते, नळी जुनी होते. ती घट आकडेमोडीत वेगळी धरावी लागते.