नाही म्हणणारीचं आधी ऐक

चि. सोनूस,



धारूर तालुक्यातल्या उपकेंद्रात रुजू झालीस, पहिलं लसीकरण सत्रही पार पडलं, वाचून बरं वाटलं. फक्त एक वाक्य खटकलं. 'आत्या, इथल्या बायका फार अडाणी गं, गरोदरपणीच्या टीडीचं, धनुर्वाताच्या सुईचं नाव काढलं की नाहीच म्हणतात,' असं तू लिहिलंस. हा 'अडाणी' शब्द जिभेवर रुळू देऊ नकोस. तो एकदा रुळला की आपण समोरच्या बाईचं ऐकायचं सोडून देतो, आणि आपल्या कामात निम्मं काम ऐकण्याचंच असतं.

नाही म्हणणाऱ्या पाचजणींची कारणंही पाच असतात. एकीला नुसती सुईची भीती. दुसरीच्या थोरल्याला पेंटाव्हॅलंट लसीनंतर रात्रभर ताप होता आणि ताप येईल हे तिला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. तिसरीची स्वतःची हरकत नसते, पण सासूला विचारल्याशिवाय हो म्हणायची तिची टाप नाही. चौथीची एका दिवसाची मजुरी बुडते. आणि पाचवीच्या मनात, ही सुई मूल बंद करायची तर नाही ना, अशी शंका असते. ही शंका ती कधीच तोंडाने बोलणार नाही. या पाचहीजणींपुढे तू लसीचे फायदे घडाघडा म्हणून दाखवलेस तर त्या माना डोलावतील आणि पुढच्या सत्राला येणार नाहीत. त्यापेक्षा विचार, 'सुई घेतली तर काय होईल असं वाटतंय?' आणि मग गप्प बस. ती बोलेल. जे बोलेल तेवढ्याचंच उत्तर दे.

टीडीबद्दल सांगताना आधी हे लक्षात घे की तुझ्यासमोरच्या पोरींनी नवजात बाळाचा धनुर्वात पाहिलेलाच नाही. पहिले दोन दिवस बाळ छान अंगावर पितं, मग त्याचा जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही, नुसत्या स्पर्शानं अंग ताठ होतं. पूर्वी नाळ विळ्यानं कापायची, वर शेण किंवा राख लावायची, त्यातून हे व्हायचं. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. 'मग आता सुई कशाला?' असं एखादी विचारेल, आणि प्रश्न रास्तच आहे. तिला सांग, देवीचा रोग माणसाकडूनच माणसाला व्हायचा, म्हणून तो कायमचा गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात, ते जाणार नाहीत. निर्मूलन म्हणजे रोग अगदी कमी झाला एवढंच, आणि तो कमी राहिलाय तो या सुईमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. टीडीत जिवंत जंतू नसतो. आईच्या अंगात तयार झालेलं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. बाळाची स्वतःची धनुर्वाताविरुद्धची लस दीड महिन्याला सुरू होते. तोवर त्याला आईचाच आधार. म्हणून नाव नोंदवलं की पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या तीन वर्षांत गरोदरपणी दोन्ही डोस झाले असतील तर एकच बूस्टर पुरतो.

कोविडचा विषय कोणीतरी काढेलच. 2021 च्या जानेवारीत आपणच सांगत होतो की गरोदर बाईनं ती लस घेऊ नये, आणि जुलैत सांगायला लागलो की घ्या. लोकांना ते आठवतं. त्यावर चिडू नकोस. सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, पुढे माहिती मिळाली तसा सल्ला बदलला, हे सरळ सांग. गोवर-रुबेलाची लस जिवंत जंतूची, म्हणून ती आपण गरोदरपणी देत नाही, हेही सांग. 'कुठली द्यायची नाही' हे आपल्याला माहीत आहे असं दिसलं की 'ही घे' या शब्दाला वजन येतं.

त्रास कधी लपवू नकोस. बीसीजीचं उदाहरण घे. सुई दिली त्या दिवशी डाव्या दंडावर फारसं काही दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी तिथे गाठ येते, ती पिकते, पाणी येतं, खपली धरते आणि शेवटी व्रण राहतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर सगळं घर म्हणतं, 'सुई पिकली, पोराचं वाटोळं केलं.' सांगितलेलं असेल तर तीच आजी शेजारणीला म्हणते, 'पिकणारच ती, लागू पडली.' पेंटाव्हॅलंटनंतर ताप येईल, मांडी दुखेल, बाळ किरकिर करेल. तापाचं औषध किती द्यायचं ते आईकडून वदवून घे. सुईच्या जागी मालीश नको, शेक नको, अंगावर पाजणं चालू ठेवायचं. आणि झटका आला, बाळ एकदम ढिलं पडलं किंवा तासन्‌तास रडायचं थांबेना, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना. सुईनंतर अर्धा तास का बसवून ठेवतो तेही सांग. नाहीतर तिला वाटतं, बाई उगाच खोळंबून ठेवते.

सासूला बाजूला ठेवून बोलू नकोस. घरी गेलीस की आधी तिच्याजवळ बस. सव्वा महिना बाळंतीण बाहेर पडत नाही, याच्याशी भांडायची गरज नाही. जन्माच्या वेळचे बीसीजी, पोलिओ आणि 'कावीळ-ब'चे डोस दवाखान्यातून निघण्याआधीच उरकून घे, आणि सासूला म्हण, 'सव्वा महिना झाला की चार-पाच दिवसांत दीड महिन्याचा डोस, सूनबाईचं पहिलं बाहेर पडणं उपकेंद्रातच होऊ दे.' सव्वा महिना आणि बेचाळीस दिवस यांत फारसं अंतर नाही, त्याचा फायदा घे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणजे निम्मे डोस एका गावात आणि निम्मे दुसऱ्या गावात. कार्ड ओटीत घालून पाठव आणि तिथल्या आशाताईला फोन कर.

तुझ्या भागातली तर अर्धी गावं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. फडावर कोपी बांधून राहणाऱ्या बाईनं डोस चुकवला तर तिला नकार देणारी म्हणू नकोस. टोळी निघण्याआधी कोण गरोदर, कोणाचं बाळ किती महिन्यांचं, कारखाना कुठला, याची यादी कर. तिचा नवा पत्ता तूच काढून ठेवायचा.

आणि मातृवंदना योजनेच्या पैशांचा धाक घालू नकोस. पुढचा हप्ता बाळाच्या डोसांशी जोडलेला आहे ही माहिती म्हणून जरूर सांग. 'डोस नाही तर पैसे नाहीत' असं दरडावलंस तर ती त्या हप्त्यापुरती येईल, नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीला फिरकणार नाही. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीला गोवरानं लेकरं गेली, त्यांतल्या बहुतेकांचे डोस राहिलेलेच होते. असे राहिलेले डोस धाकानं भरून निघत नाहीत.

रजिस्टरात नुसतं 'नकार' असं लिहू नकोस, समोर कारणही लिही. महिन्याअखेरी ती पानं वाच. कोणाकडे सासूला भेटायला जायचं, कुठे सत्राची वेळ सकाळी लवकर ठेवायची, कोणाला फक्त दहा मिनिटं द्यायची, ते त्यातच सापडेल. एवढं करूनही एखादी नाहीच म्हणेल. तिच्याशी बोलणं तोडू नकोस. पुढच्या महिन्यात वजन-रक्तदाब बघायला तिला तुझ्याकडेच यायचं आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या