वाऱ्यात पत्रा का वाजतो? कारण ओळखा, दुरुस्ती शिका, सेवा उभी करा

आजचा धडा आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात राहणाऱ्यांना लगेच कळेल. जोग नदीच्या मुखाशी, समुद्रासमोर वसलेलं हे गाव. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा येतो आणि पावसाची झड थेट भिंतीवर मारतो. पूर्वी त्या बाजूला झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी पाइपांची चौकट करून रंगीत पत्रे मारतात. भिंत कोरडी राहते, पण जोराचा वारा सुटला की रात्रभर खडखड, टकटक, नाहीतर शिट्टी!

घरच्यांना सवय होते. पण पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला होत नाही. होमस्टेची खोली स्वच्छ, माशाचं जेवण फक्कड, पण रात्री झोप लागली नाही, तर तो पाहुणा परत येत नाही. आणि आवाज म्हणजे फक्त त्रास नाही, ती सूचना असते. कुठेतरी पकड सुटते आहे, हे पत्रा आपल्याला सांगत असतो.

आधी वाऱ्याचा हिशेब

पत्रा जड आहे, तो कुठे जातोय, असं वाटतं ना? अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन एका चौरस मीटरला साधारण ४ ते ५ किलो असतं. आता वाऱ्याचा दाब बघू. आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकात साधं सूत्र आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर न्यूटनमध्ये, दर चौरस मीटरला.

- ताशी ३६ किमी वारा: ६० न्यूटन, म्हणजे साधारण ६ किलो
- ताशी ७२ किमी वारा: २४० न्यूटन, म्हणजे साधारण २४ किलो
- ताशी १०८ किमी वारा: ५४० न्यूटन, म्हणजे साधारण ५५ किलो

वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनावर टिकत नाही, तो स्क्रूवर टिकतो. आणि वारा फक्त ढकलत नाही, ओढतोही. भिंतीच्या कोपऱ्यावरून आणि छपराच्या कडेवरून वारा वळतो, तिथे बाहेरच्या बाजूला दाब कमी होतो आणि पत्रा बाहेर खेचला जातो. उघड्या कडेतून वारा पत्र्याच्या मागे शिरला, तर आतून ढकल आणि बाहेरून ओढ, दोन्ही एकाच वेळी. म्हणून पत्रे बहुतेक वेळा मधून नाही, कडेपासून उचकटायला लागतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी होता. शेजारच्या दापोली तालुक्यात आंजर्ले, हर्णै, मुरुड, केळशी या भागात माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले. एवढ्या वादळात सगळंच आपल्या हातात नसतं. पण कित्येक महिने वाजत असलेला पत्रा वादळात पहिला जाणार, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

आवाज ऐका, कारण ओळखा

डॉक्टर आधी नाडी बघतो, तसं आपण आधी आवाज ऐकायचा. घरमालकाला सांगा, वारा असताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. चार प्रकार लक्षात ठेवा.

१. खडखड, धडधड. पत्रा पाइपवर आपटतोय. स्क्रू सैल झालेत, कमी आहेत, किंवा आडव्या पाइपांमधलं अंतर जास्त आहे. दोन पाइपांत चार फुटांपेक्षा जास्त अंतर असेल, तर पातळ पत्रा मध्ये ढोलकीसारखा हलतो.

२. थरथर, भुर्रर्र. दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथली कड फडफडते. पाइपवर स्क्रू आहेत, पण दोन पाइपांच्या मध्ये जोड मोकळा आहे.

३. शिट्टी, घुंऽऽ. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून बघा, तसंच. फटीवरून किंवा पन्हळीच्या उघड्या तोंडावरून वारा जातो आणि आतली हवा वाजते.

४. टक्… टक्… हा बऱ्याचदा वाऱ्याचा नसतोच! उन्हं चढताना किंवा उतरताना येतो. पोलाद तापलं की वाढतं. २० फुटी पत्र्यात ४० अंशांचा फरक पडला, तर लांबी साधारण ३ मिलिमीटर बदलते. पत्रा पाइपवर घसरतो आणि टक् करतो. इथे स्क्रू आणखी आवळून उपयोग नाही. पत्रा आणि पाइप यांच्यामध्ये रबराची किंवा फोमची पट्टी हवी.

पाचवी शक्यताही तपासा: गुन्हेगार पत्रा नसेलच. सुटलेली पन्हळ, डिशची केबल, ताडपत्रीची दोरी, भिंतीला घासणारी झावळी. आधी ते बघा. पाच मिनिटांच्या कामाला पाच हजारांचं बिल लावणारा गावात दुसऱ्यांदा बोलावला जात नाही.

जागा कशी शोधायची?

वारा नसताना, कोरड्या दिवशी तळहाताने पत्रा दर दोन फुटांवर दाबा. जिथे हलतो किंवा वाजतो, तिथे खडूने खूण करा. शिट्टी असेल तर संशयित फटीवर चिकटपट्टी लावून ठेवा. पुढच्या वाऱ्यात आवाज थांबला, तर फट सापडली.

यानंतर चौकट धरून हलवा. हे बरेच जण विसरतात. आपल्याकडे भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची. चिरा सच्छिद्र असतो, त्यात आखूड फास्टनर नीट पकडत नाही. चौकटच हलत असेल तर वर शंभर स्क्रू मारून काय उपयोग? आधी लांब अँकर किंवा केमिकल अँकर वापरून चौकट पक्की करा. भोक चिऱ्याच्या मध्यात घ्या, सांध्यात नको.

दुरुस्ती, क्रमाने

१. जुने खिळे आणि गंजलेले स्क्रू काढा. रबरी वॉशर कडक झालं असेल, तडकलं असेल, तर स्क्रूसकट बदला. भोक मोठं झालं असेल तर एक नंबर जाड स्क्रू घ्या, किंवा बाजूला नवीन भोक घेऊन जुनं ब्युटाइल टेपने बंद करा.

२. भिंतीच्या पत्र्याला स्क्रू खोलगट भागात मारा. तिथे पत्रा पाइपला टेकलेला असतो, पकड घट्ट बसते. छपरावर मात्र पाणी खोलगट भागातून वाहतं, म्हणून तिथे स्क्रू उंचवट्यावर. वॉशर किंचित फुगलं की थांबा. जास्त आवळलं तर वॉशर फाटतं आणि पत्र्याला खड्डा पडतो.

३. वरच्या आणि खालच्या पाइपवर प्रत्येक खोलगट भागात स्क्रू, मधल्या पाइपांवर एक सोडून एक. कोपऱ्यात हात आखडू नका.

४. जोड शिवून घ्या. दोन पत्र्यांच्या जोडावर साधारण दर दीड फुटावर छोटा स्क्रू. थरथर इथेच थांबते.

५. वाऱ्याकडचा कोपरा बंद करा. कोपऱ्याची पट्टी लावा. पन्हळीच्या तोंडांना त्याच आकाराचे फोम फिलर घाला. खाली मात्र पाणी निघायला वाट ठेवा.

६. नवीन काम असेल तर पत्र्यांची दिशा बघा. दक्षिणेकडच्या भिंतीवर पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करून पश्चिमेकडे जा, प्रत्येक नवीन पत्रा आधीच्यावर चढवा. मग जोडाची उघडी कड पूर्वेला राहते आणि पश्चिमेचा वारा तिच्यात शिरत नाही.

खाऱ्या हवेत स्वस्त स्क्रू आधी गंजतो, मग पत्र्याला गंजवतो. गंजरोधक जाड कोटिंगचे, पत्र्याच्या कंपनीने सुचवलेले स्क्रूच घ्या. ग्राइंडरचा चुरा पत्र्यावर राहू देऊ नका, तिथेच लाल डाग सुरू होतात.

आणि एक नियम पाळायचाच: वारा किंवा पाऊस असताना वर चढायचं नाही. एकट्याने शिडी लावायची नाही. जवळून विजेची तार जात असेल तर आधी वीज बंद करून घ्या. कोणतंही बिल माणसापेक्षा मोठं नाही.

आता धंद्याचं गणित

समजा, ४० फूट लांब, १० फूट उंच भिंत आहे. साडेतीन फूट रुंदीचा पत्रा जोड जाऊन सव्वातीन फूट झाकतो. म्हणजे १३ पत्रे. आडवे पाइप ४. एका पत्र्याला वर-खाली ५-५ आणि मधल्या दोन पाइपांवर ३-३, असे १६ स्क्रू. १३ गुणिले १६ म्हणजे २०८. जोड १२, प्रत्येकी ७ स्क्रू, म्हणजे ८४. एकूण २९२. वाया जाणारे धरून ३२० घ्या.

खालचे दर फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत, तुमच्या बाजारातले दर टाका.

- स्क्रू ३२०, प्रत्येकी ६ रुपये: १,९२०
- फिलर, टेप, कोपऱ्याची पट्टी: १,२००
- दोन माणसं, एक दिवस: १,८००
- वाहतूक, शिडी: ५००
- एकूण ५,४२०. अवजारांची झीज आणि परत यावं लागलं तर, म्हणून १० टक्के: ५४२
- खरा खर्च: ५,९६२ रुपये

आता २५ टक्के नफा हवा. बरेच जण खर्चात २५ टक्के मिळवतात आणि ७,४५० सांगतात. पण १,४९० हा ७,४५० च्या २० टक्केच होतो! विक्रीवर २५ टक्के हवे असतील तर खर्चाला ०.७५ ने भागा. उत्तर येतं ७,९५० च्या आसपास. हा फरक एका कामात पाचशेचा, पण मोसमात वीस कामं केलीत तर दहा हजारांचा.

काम कधी विकायचं? पावसात सगळे फोन करतात, पण तेव्हा वर चढता येत नाही. म्हणून एप्रिल-मे मध्ये, मृग लागायच्या आधी ‘पावसाळापूर्व पत्रा तपासणी’ विका. ठरावीक शुल्क घ्या, खुणा केलेले फोटो द्या, आणि यादीचे तीन भाग करा: आत्ता करायलाच हवं, या वर्षात करा, चालेल. तिसरा भाग लिहायला लाजू नका. ‘काकू, या भिंतीला काही नको,’ असं सांगणाऱ्या माणसावर पहिल्या भागासाठी विश्वास बसतो.

गृहपाठ

या आठवड्यात तुमच्या आळीतल्या तीन घरांचे वाजणारे पत्रे बघा. आवाजाचा प्रकार, पाइपांमधलं अंतर, स्क्रूंची अवस्था, चौकट हलते का, एवढं वहीत लिहा आणि एका घराचा वरच्या पद्धतीने हिशेब करा. तीन घरांनंतर पत्रा लांबून ऐकूनच तुम्हाला अंदाज यायला लागेल. पुढच्या धड्यात याच तपासणीचं एक पानी अंदाजपत्रक कसं लिहायचं ते बघू. तोवर वही उघडा आणि कामाला लागा!