उतरणीचा धडा



उंच पर्वत चढून जाणें हा पुष्कळांस केवळ साहसाचा खेळ वाटतो, आणि कित्येकांस तर तो व्यर्थ खटाटोप वाटतो. वर पीक नाहीं, राहावयास जागा नाहीं. मग जिवावर उदार होऊन तेथें जावें कशास? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्याचें त्यानें द्यावें. परंतु अशा एका चढाईच्या हकीकतींत, चारचौघांबरोबर एखादें काम अंगावर घेणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावा असा धडा आहे. तो आपण क्रमानें पाहूं.

१. पर्वत व चढणारे

स्वित्झर्लंड व इटली ह्या देशांच्या सीमेवर आल्प्स पर्वताचें मॅटरहॉर्न नांवाचें शिखर आहे. त्याची उंची सुमारे १४,७०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेतीनपट. त्याचे कडे इतके उभे आहेत कीं, आल्प्समधील बहुतेक मोठीं शिखरें चढून झालीं तरी ह्याच्या माथ्यावर कोणाचें पाऊल पडलें नव्हतें. लाकडावर चित्रें कोरण्याचा धंदा करणारा एडवर्ड व्हिंपर हा तरुण इंग्रज १८६१ पासून तें चढण्याचा यत्न करीत होता, व दर वेळीं माघारा येत होता.

१८६५ च्या जुलै महिन्यांत इटलीच्या बाजूनें झां-आंत्वान कारेल हा वाटाड्या आपली टोळी घेऊन निघाल्याचें कळतांच, व्हिंपर त्वरेनें स्वित्झर्लंडांतील झर्मॅट गांवीं आला. तेथें सात जणांची टोळी जमली : व्हिंपर, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, इंग्लंडांतील एका खेड्याचे पाळक व कसलेले गिर्यारोहक चार्ल्स हडसन, त्यांचा सोबती हॅडो, मिशेल क्रो हा वाटाड्या, आणि टाउगवाल्डर हे बापलेक वाटाडे. हॅडो अवघा १९ वर्षांचा व नवखा होता. त्याच्याविषयीं व्हिंपरनें विचारलें, तेव्हां त्यानें माँ ब्लां पर्वत पुष्कळांहून कमी वेळांत चढला आहे, अशी ग्वाही हडसन ह्यांनीं दिली. परंतु त्या पर्वताची वाट बहुतेक बर्फाच्या उतारांची, आणि ही उभ्या खडकाची.

२. चढण

तारीख १३ जुलै रोजीं ते निघाले. चढण दिसत होती त्याहून सोपी निघाली, आणि १४ तारखेस दुपारीं १ वाजून ४० मिनिटांनीं ते माथ्यावर पोंचले. कारेलची टोळी फार खालीं दिसली. आपण हरलों हें जाणून ती मागें फिरली. विजयी मंडळी सुमारे एक तास शिखरावर होती.

३. उतरण

चढतांना पुढची जागा डोळ्यांसमोर असते. उतरतांना पाय कोठें टेकेल तें दिसत नाहीं, खालीं खोल दरी दिसते, अंग थकलेलें असतें, आणि काम झालें असें वाटून मन सैल पडतें. म्हणून उतरण अधिक जपून करावी लागते. कठीण जागीं खडकाला एक जादा दोर बांधून त्याच्या आधारानें उतरावें असें व्हिंपरनें हडसन ह्यांस सुचविलें. त्यांस तें पटलें. परंतु तसें करण्याचें पक्कें ठरलें नाहीं, व तें झालेंही नाहीं.

सर्व एकमेकांस दोरानें बांधून उतरूं लागले. सर्वांत पुढें क्रो, मग हॅडो, हडसन, डग्लस, थोरला टाउगवाल्डर, व्हिंपर व शेवटीं धाकटा टाउगवाल्डर. क्रो आपली कुऱ्हाड बाजूला ठेवून हॅडोचे पाय एकेक करून हातानें खडकावर टेकवीत होता. तो स्वतः खालीं उतरण्यास वळतो तोंच हॅडो घसरून त्याच्यावर आदळला, आणि त्या दोघांच्या ओढीनें हडसन व डग्लसही गेले. वरच्या तिघांनीं पाय रोवून धरले. परंतु डग्लस व थोरला टाउगवाल्डर ह्यांच्यामधील दोर तुटला, आणि चौघे सुमारे ४,००० फूट खालीं हिमनदीवर पडले. तिघांचीं प्रेतें सांपडलीं. डग्लसचें सांपडलें नाहीं.

थोरल्या टाउगवाल्डरनें दोर कापला असा बोभाटा झाला. चौकशींत तो निर्दोष ठरला, आणि दोर कापलेला नसून तुटला आहे असें व्हिंपरनेंही सांगितलें. परंतु त्याबरोबर दुसरी गोष्ट उघड झाली : टोळीजवळ तीन जातींचे दोर होते, आणि नेमका सर्वांत जुना व कच्चा त्या जागीं बांधला होता. मजबूत दोर जवळ असून तेथें वापरला नव्हता.

४. बोध

पहिला : शिखर म्हणजे अर्धी वाट. सर्व माणसें सुखरूप घरीं आलीं म्हणजे चढाई पुरी झाली.

दुसरा : एका दोरांत बांधलेल्यांचें बळ सर्वांत अशक्त माणसाइतकें व सर्वांत कच्च्या दोराइतकेंच असतें. विहिरींत उतरणारा दोर आधीं ओढून पाहतो. तसें माणूसही त्याच कामांत पारखून मग जोखमीवर घ्यावें. नवख्यास घेऊं नये असें नव्हे. आधीं सोप्या वाटेवर शिकवावें. हॅडोचा दोष थोडा. त्यास तेथें नेणाऱ्यांचा अधिक.

तिसरा : पटलेली गोष्ट त्याच वेळीं कोणावर तरी सोंपवावी. सर्वांस पटलें आणि कोणींच केलें नाहीं, असें आपल्या पंचांच्या बैठकींतही घडतें.

हरलेल्या कारेलचें पुढें काय झालें? तीनच दिवसांनीं, १७ जुलै रोजीं, तो इटलीच्या बाजूनें शिखरावर गेला. पुढें १८९० सालीं त्याच पर्वतावर तुफानानें त्याला व त्याच्या मंडळीस गांठलें. वय साठीच्या पुढें गेलें असतां त्यानें सोबत्यांस अवघड जागांतून सुखरूप खालीं आणलें, आणि मग थकव्यानें तेथेंच प्राण सोडला. ज्यांनीं त्याच्यावर भरंवसा ठेवला होता ते घरीं पोंचले.

प्रश्न

१. हडसन ह्यांच्या ग्वाहींत कोणती उणीव होती?
२. मजबूत दोर जवळ असून तो कां उपयोगी पडला नाहीं?
३. आपल्या गांवच्या कामांत नवखा कोण आहे, व त्यास कोण शिकवीत आहे?