अफूची आडवाट आणि पासाचा दर

सौंसर-पांढुर्ण्याचे आम्ही सीमेवरचे. नाक्यावरची तपासणी पाहतच वाढलो. पण तस्करीचा हिशेब मला उमगला तो आमच्याच राज्यातल्या माळव्याच्या इतिहासात.

माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला पाठविण्यास ईस्ट इंडिया कंपनी १८३० च्या सुमारास पेटीमागे १७५ रुपये घेऊन पास देई. व्यापारी मात्र सिंधमधून कराची आणि पुढे पोर्तुगीजांचे दमण गाठीत. लांबची वाट पासापेक्षा स्वस्त पडे! म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर आला. १८४३ मध्ये कंपनीने लढून सिंध घेतला, आडवाट बुजली आणि १८४७ पर्यंत दर ४०० वर गेला. चीनमध्ये अफूला बंदीच होती. म्हणजे पासाचा मालही पुढे चोरटाच. मला तरी यात मोठा तस्कर कोण, हे ठरविणे कठीण वाटत नाही.

आज नीमच-मंदसौरचा परवानाधारक शेतकरी सारी अफू सरकारी भावाने सरकारलाच देतो. चोरटा भाव त्याहून चढा. तो फरक म्हणजे तस्कराचा नफा. खर्चाच्या बाजूस १९८५ चा कायदा आहे: अडीच किलोंहून अधिक अफू सापडल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी. वाणिज्याच्या मित्रांनी एवढेच पाहावे, की ही रक्कम मालक स्वतःच्या खाती क्वचितच लिहितो. ती पडते गाडी हाकणाऱ्या पोराच्या नावे.