नव्या लॅपटॉपचे पहिले दिवस

बाळा, फ्रीगंजातून नवा लॅपटॉप आणलास, बटण दाबताच पडदा उजळला, म्हणून हुरळला आहेस ना? हुरळ, हक्कच आहे तुझा. पण मावशीचं एवढं ऐकून ठेव.

१. जुना लगेच विकू नकोस, पुसू तर मुळीच नकोस — २०१६च्या सिंहस्थाचे फोटो कुठल्या फोल्डरात आहेत ते गरज पडल्यावरच आठवतं. घाईनं पुसलं ते क्षिप्रेला मिळालं.

२. फोटो नव्यावर आले की त्यातले थोडे उघडून बघ — यादीत नाव दिसतं, म्हणून फाइल शाबूत असतेच असं नाही.

३. आजोबांची मराठी टिपणं उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसली तर घाबरू नकोस — ती श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली असणार, आणि तो फॉन्ट नव्यावर नाही. जुन्यावरून आणून बसव, मजकूर जागच्या जागी येईल. मग सवडीनं युनिकोडमध्ये उतरव, पण मूळ फाइल ठेवच; जोडाक्षरं आणि रफार या बदलात इकडेतिकडे सरकतात, ते वाचून सुधारावे लागतात. आजोबांचं अक्षर न् अक्षर ओळखणारा घरात तूच आहेस, म्हणून सांगते.

४. ५१२ जीबीचे ४७६च दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नकोस — कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

५. विंडोज ११ पुष्कळदा डिस्कला आपणहून कुलूप लावतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की वहीत लिहून कपाटात ठेव — दुरुस्तीनंतर ती मागितली आणि सापडली नाही, तर सगळं आत असूनही हाती लागत नाही. किल्ली घरात, तर कुलूप आपलं.

६. चार्जिंग चालू असताना धातूच्या कडेला हात लावून झिणझिण्या आल्या, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घे — आपल्या जुन्या घरांत ते पुष्कळदा नसतंच.

७. गादीवर ठेवून काम नको, आणि दिवसभर चार्जरवर राहणार असेल तर ८० टक्क्यांची मर्यादा लाव — माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णता व काठोकाठ चार्ज दोन्ही बॅटरीचं आयुष्य खातात.

८. बँकेची कामं आता नव्यावरच — विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुन्यावर आजीला भजनं लावून दे, वायफाय मात्र बंद ठेव.